लाईट आली की फोन वाजतो

गाडी शिकवायला काय लागतं असं कुणी विचारलं तर मी सांगते, तयार उजवा पाय आणि जाड कातडी. जाड कातडी अशासाठी, की मी बाई आहे आणि आमच्या भागातल्या पुरुषाला बाईनं काहीही शिकवलेलं चालतं, फक्त गाडी सोडून. पायाचं मात्र नीट समजावून सांगावं लागेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटच्या पुढ्यातही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याच्या क्लच-ब्रेकला ते खालून जोडलेले असतात. शिकणारा घाबरला, गोंधळला किंवा नुसताच स्वतःवर खूश होऊन हसत बसला, की मी पाय दाबते आणि गाडी थांबते. स्टिअरिंग आपल्या हातात आहे याचा शिकणाऱ्याला फार अभिमान असतो. ब्रेक माझ्याही पायाखाली आहे हे तो पहिल्या आठवड्यातच विसरून जातो.

आमचं स्कूल सांगलीत आहे. सुरू केलं माझ्या मिस्टरांनी. ते सैन्यात गाडीवर होते. माझं माहेर कराडजवळचं, तिथं मी सायकलच्या पुढं कधी गेले नव्हते. लग्नानंतर सुट्टीवर आले की ते मला गाडी शिकवायचे. बर्फातल्या घाटांत शांतपणे ट्रक चालवणारा हा माणूस बायकोला शिकवताना असा काही ओरडायचा, की मी तेव्हाच ठरवलं, आपण कुणाला शिकवलं तर ओरडायचं नाही. तो निश्चय मी पाळला, असं माझे विद्यार्थी काही सांगणार नाहीत. आता परवान्याची कागदपत्रं मिस्टर बघतात आणि रस्ता मी बघते.

लोकांना वाटतं, आम्ही हात आणि पाय शिकवतो. हातापायांचं काम चार दिवसांत जमतं हो, वेळ लागतो तो डोळ्यांना. आणि आमच्याकडच्या माणसाचे डोळे रस्त्यावर ठेवणं म्हणजे मोठं अवघड काम. सांगलीच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊस, हळद, द्राक्षबागा. शेतकरी माणूस गाडी शिकायला बसला की रस्ता सोडून बाकी सगळं बघतो. कुणाचा ऊस उंच झाला, कुणी खत जास्त टाकलं, कुणाची हळद पिवळी पडली. माणूस बघतो तिकडं त्याचे हात नकळत वळतात आणि गाडीही तिकडंच जाते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. एकदा एक गृहस्थ शेजारच्या गावच्या पाटलाचा ऊस बघता बघता गाडीसकट त्याच उसात शिरले. मी ब्रेक दाबला म्हणून चारच सऱ्या मोडल्या. गृहस्थ खाली उतरले, कांडी हातात धरून बघितली आणि म्हणाले, "वाटला तेवढा जाड न्हाई."

एक शिक्षिका होत्या. गाडी छान चालवायच्या, पण वाटेत देऊळ दिसलं की दोन्ही हात जोडून, डोळे मिटून नमस्कार. कृष्णाकाठच्या रस्त्यावर देवळांना काय तोटा? पहिल्या दिवशी माझ्या पायाला गोळा आला. मी म्हटलं, "बाई, मनातल्या मनात करा नमस्कार." त्यांना शंका आली, "मनातला पोचतो का पण?" मी म्हटलं, "पोचतो. त्याला रेंज भरपूर असते." तेव्हापासून त्या नुसती मान हलवायच्या, तीही डोळे उघडे ठेवून. मला तेवढं पुरलं.

हे सगळे जुने रोग. नवा रोग फोनचा, आणि त्याच्यापुढं माझंही डोकं चालेनासं होतं. शिकत असतात तोवर सगळे शहाण्यासारखे वागतात. परीक्षेच्या दिवशी गाडी आठच्या आकड्यात फिरवून दाखवतात, मागं घेऊन दाखवतात, परवाना मिळवतात. दोन वर्षांनी फोन वाजल्यावर हाच माणूस काय करील, ते कुठल्या परीक्षेत कळणार? मागं एकदा विश्रामबागेजवळ माझा एक जुना विद्यार्थी मोटरसायकलवर दिसला. मान वाकडी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, एक हात खिशात काहीतरी शोधतोय. मी रागानं हॉर्न वाजवला. त्यानं मला ओळखलं, चेहरा फुलला, आणि गुरूला नमस्कार करायला त्यानं उरलेला हातही सोडला. त्या दिवशी मला रात्री जेवण गेलं नाही. आपण याला गाडी शिकवली, हे आठवून फार वाईट वाटत राहिलं.

पण मला सांगायचंय ते भूपालअण्णांबद्दल.

उसाचा हंगाम जोरात चालू होता. एका दुपारी आमच्या ऑफिसच्या दारात एसटीतून उतरून एक बाई चालत आल्या. साठीच्या, अंगानं वाळलेल्या, लुगडं साधं पण स्वच्छ, डावा हात पदराखाली जपून धरलेला. त्यांच्या मागून एक पांढरी गाडी आली आणि त्यातून पांढरा शर्ट, पांढरी टोपी घातलेले उंच गृहस्थ उतरले. हे भूपालअण्णा आणि त्या त्यांच्या पत्नी राजमतीकाकू. वारणाकाठच्या एका गावातलं जैन शेतकरी कुटुंब. गावापासून सांगलीपर्यंत काकू एसटीत बसून आल्या होत्या आणि अण्णा रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागून.

काकूंनी खुर्चीत बसता बसताच सांगितलं, "ह्यास्नी गाडी शिकवायची हाय."

अण्णा उभेच होते. "मला काय शिकवायचं? मिसरूड फुटायच्या आधीपासनं ट्रॅक्टर चालवतोय मी."

"तेच की. शिकवायचं न्हाई ताई, मोडायचं हाय," काकू म्हणाल्या. "फोनची सवय मोडायची हाय."

मग हळूहळू सगळं कळलं. काकूंची किडनी गेलेली. आठवड्यातून तीनदा मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिस. जाताना अण्णाच नेणार, आणताना अण्णाच आणणार. मुलगा पुण्याला नोकरीला होता. त्यानं ड्रायव्हर ठेवा म्हणून सांगितलं, तर अण्णांनी ठेवला नाही. माझ्या बायकोला परक्या माणसानं का न्यायचं, हे त्यांचं म्हणणं. त्यात प्रेम होतं आणि हट्टही होता, दोन्ही वेगळे काढता येत नव्हते. मागच्या आठवड्यात परत येताना काकू मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या. अण्णांचा फोन वाजला. काकूंनी डोळे उघडले तर गाडी साइडपट्टीवर, आणि खिडकीच्या काचेला लागून उसाच्या गाडीच्या बैलाचं शिंग.

"लांब हुता बैल," अण्णा पुटपुटले.

"लांब? मला त्याच्या डोळ्यातलं पानी दिसत हुतं!" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, मी आता ह्यांच्या गाडीत बसणार न्हाई. किडनीनं मराय आलं तर मरीन. फोननं मरणार न्हाई."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "खरंच बसंना झालीया, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सोमवारचं डायलिसिस बुडलं. पाय सुजल्यात तिचं. डॉक्टर एसटीनं येऊ नगा म्हणत्यात, येताना चक्कर येती. आता काय करायचं, तुमीच सांगा."

त्याच दुपारी आमचे मिस्टर आपली कामं बाजूला ठेवून काकूंना मिरजेला घेऊन गेले. अण्णा त्यांच्या मागून आपली रिकामी गाडी घेऊन गेलेच. थोडे दिवस मिस्टर हे करतील, असं ठरलं. पण थोडेच दिवस. त्यानंतर एक तर अण्णांचे डोळे रस्त्यावर राहायला हवे होते, नाहीतर काकूंना घरदार सोडून पुण्याला जावं लागणार होतं. मुलगा तर न्यायला टपलेलाच होता. काकूंना जायचं नव्हतं. "तितं मला गोठ्यातलं वासरू कुठनं दिसायचं?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी अण्णांना विचारलं, "इतके कुणाचे फोन येतात तुम्हाला?"

"नदीचे," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण शहरातल्या वाचकांना ही भानगड माहीत नसेल, म्हणून सांगते. शेतीची लाईट दिवसभर नसते. ठरावीक वेळात येते, तीही मध्येच जाते, पुन्हा येते. पूर्वी लाईट आली का बघायला माणूस विहिरीवर जाऊन बसायचा. आता मोटरीच्या स्टार्टरला एक पेटी बसवतात आणि त्या पेटीत सिमकार्ड असतं. लाईट आली की ती पेटीच शेतकऱ्याला फोन करते. आतून बाईचा आवाज सांगतो, मोटर चालू करायला एक दाबा. एक दाबलं की पाच मैलांवरची मोटर चालू होते. पाणी संपलं, मोटर तापली, लाईट गेली, की परत फोन. अण्णांच्या तीन मोटरी होत्या. नदीवरची, विहिरीवरची आणि बोअरची. फोनमध्ये नावंही तशीच घालून ठेवलेली. त्यामुळे अण्णांना नदीचा फोन यायचा, विहिरीचा फोन यायचा. आणि नदीवरच्या पाण्याची भावकीत पाळी ठरलेली. आपल्या पाळीत लाईट आली आणि मोटर लागली नाही, की ते पाणी गेलं.

"पेटी आपोआप चालू होईल असं करता येत नाही का?" मी विचारलं.

"येतंय. पन पाळी कुनाची हाय ते पेटीला कुठं कळतंय? दुसऱ्याच्या पाळीत माजी मोटर चालू झाली तर भावकी घरात येऊन उभी ऱ्हाईल." मग ते कळवळून म्हणाले, "बाई, ऊस ल्हान पोरागत असतोय. त्यानं हाक मारल्यावर ऐकायचं न्हाई व्हय?"

मला त्यांचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. दारू पिऊन चालवणाऱ्याला शिव्या देता येतात. हा माणूस एका डोळ्यानं बायकोला सांभाळत होता आणि एका डोळ्यानं उसाला. रस्त्यासाठी तिसरा डोळा त्याच्याकडं नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, आमच्या गाडीत. मी फोन मागितला आणि डिकीत ठेवला. शेजारच्या सीटवर नाही, पुढच्या कप्प्यातही नाही. हात पोचतो तिथं ठेवलेला फोन माणूस कधीतरी उचलतोच, हे मी फार बघितलंय. अण्णांनी डिकीच्या झाकणाकडं असं बघितलं, जसं काही मी आत वासरू कोंडलंय. आम्ही आष्ट्याच्या रस्त्याला लागलो. गाडी ते उत्तम चालवायचे, हे मला मान्य करावंच लागेल. गिअर कधी बदलला तेही कळायचं नाही. फक्त दर दोन मिनिटांनी उजवा हात शर्टाच्या रिकाम्या खिशाकडं जायचा आणि परत यायचा.

अशा माणसासाठी माझा एक उपाय आहे. त्याला बोलत गाडी चालवायला लावते. रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. तोंड कामाला लागलं की डोळ्यांनाही काम करावं लागतं. अण्णांना सांगितलं, तर ते लगेच सुरू झाले.

"डावीकडं ऊस. तांबेरा पडलाय. उजवीकडं हळद, बरी हाय. म्होरं केळी, पानी कमी पडलंय."

"अण्णा, रस्त्यावर काय आहे?"

"रस्त्यावर काय न्हाई."

"रस्त्यावर एसटी आहे. आपण तिच्या मागं आहोत, आणि ती थांबतेय."

"ती दिसली हुती की," अण्णा म्हणाले आणि ब्रेक दाबला. हळूहळू जमायला लागलं. म्हैस आडवी येतीय, पोरगं सायकलवर डुलतंय, ट्रॉलीचा दिवा बंद हाय, असं व्यवस्थित सांगायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. जरा लवकरच थोपटली.

चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही त्याच रस्त्यानं निघालो होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यांवर ऊस असा रचलेला की पुढचं काही दिसू नये. अण्णा बोलत होते. म्हैस, सायकल, रसवंती. आणि एकदम गप्प झाले. मला एक बारीक आवाज ऐकू आला आणि तो कुठून येतोय ते शोधताना माझेही डोळे रस्त्यावरून हटले. तो त्यांच्या शर्टाच्या आतून येत होता. अण्णांनी डिकीत ठेवायला दिला होता तो एक फोन. दुसरा, बटणांचा छोटा, बंडीच्या आतल्या खिशात होता. त्यांची मान खाली, अंगठा बटणावर, आणि समोर ट्रॅक्टर थांबलेला.

मी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले, सगळ्या अंगाचा भार टाकून. गाडी थांबली तेव्हा मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं आमच्या काचेला टेकली होती.

अण्णा शांतच होते. म्हणाले, "थांबली का न्हाई येळंवर? बगा, ध्यान असतंय माजं."

"कोणी थांबवली?"

"मीच की. दाबला की ब्रेक."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गाडीचं इंजिन मात्र मोठ्यानं गुरगुरत होतं. मी म्हटलं, "अण्णा, खाली बघा. पाय कुठं आहे तुमचा?"

त्यांनी बघितलं. उजवा पाय अजून एक्सिलेटरवर दाबलेला होता. त्यांनी तो उचलला आणि इंजिन शांत झालं. मला ओरडायचं होतं. ओरडले नाही. गाडी बाजूला लावायला सांगितली आणि म्हटलं, "उतरा. आपण चालत मागं जाऊ."

फोन वाजला तेव्हा आम्ही रसवंतीजवळ होतो, हे मला पक्कं आठवत होतं. तिथपर्यंत चालत जायला चांगला वेळ लागला. अण्णा चालताना मागं वळून आपल्या गाडीकडं बघायचे आणि पुन्हा पुढं बघायचे. "एवढ्या लांबनं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एवढं सगळं तुम्ही डोळे मिटून आलात."

अर्ध्या वाटेत, रस्त्याच्या कडेला, एक बाई पोत्यावर ओल्या हरभऱ्याच्या पेंड्या मांडून बसली होती. आम्हाला बघून ती उठली.

"आवं दादा, ती पिवळ्या पाटीची गाडी तुमचीच न्हवं? कशी चालवताय वो? माज्या पायाजवळनं चाक गेलं. मी पेंडी टाकून मागं सरकले."

अण्णा तिच्याकडं बघतच राहिले. "तुमी हितं हुता?"

"सकाळधरनं हितंच हाय की!"

एक पेंडी खरंच चाकाखाली चिरडलेली पडली होती. हिरवे घाटे फुटून डांबरावर पसरले होते. अण्णा खाली बसले, कडेच्या दगडावर. एक फुटलेला घाटा त्यांनी उचलून घेतला. मग म्हणाले, "बाई, मला ती दिसलीच न्हाई. दिसली आन् ध्यान न्हाई दिलं, असं बी न्हाई. दिसलीच न्हाई." बैलाचं शिंगही आपल्याला असंच दिसलं नसणार, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. त्यांनी तिच्याकडून हरभरा घेतला. घेताना ते तिच्या तोंडाकडं न बघता पायांकडंच बघत होते. परत येताना गाडी मी चालवली.

एक बाई धडधाकट पायांवर उभी राहून आम्हाला शिव्या देत होती, याचं मला त्या दिवशी किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. अजूनही त्या रस्त्यानं जाताना मी तिच्याकडं थांबते.

हा प्रकार काकूंना मी सांगणार नव्हते. घरी जाऊन अण्णांनीच सांगितला. दुसऱ्या दिवशी मिरजेला जाताना मिस्टरांच्या गाडीतून काकू ऑफिसात उतरल्या, मागोमाग अण्णाही आले, आणि माझ्यासमोर काकूंनी उजवा हात पुढं केला.

"फोन द्या. दोन्ही."

"तुला काय कळतंय मोटरीतलं?" अण्णा म्हणाले.

"पेटी मराठीत बोलती. एक दाबा म्हणली की एक दाबायचं. त्यात कळायचं काय? पाळी कवा हाय ते तुमच्या आधी मला म्हाईत असतंय. पाळीच्या दिवशी जेवणाचा डबा कोन भरून देतंय?"

अण्णांनी दोन्ही फोन काकूंच्या हातात ठेवले. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी हा माणूस जीव धोक्यात घालत होता, ती गोष्ट मागच्या सीटवर बसून आरामात होण्यासारखी होती, आणि हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मला तर नाहीच. मी नुसती डिकी डिकी करत बसले होते. एकटे असतील तेव्हा फोन डिकीत, पाळी असेल तर वाटेत पेट्रोल पंपावर थांबून बघायचं, आणि काकू असतील तेव्हा फोन काकूंकडं, असं ठरलं.

त्यानंतर अण्णांच्या गाडीतून मिरजेला जायला काकू पहिल्यांदा तयार झाल्या, तेव्हा मीही बरोबर गेले. अण्णांच्या गाडीत डावीकडं ब्रेक नव्हता, त्यामुळे माझा उजवा पाय त्यांच्या गावापासून सांगलवाडीपर्यंत नुसतीच चटई दाबत होता. कृष्णेच्या पुलावर गाडी चढली आणि मागं फोन वाजला.

"नदी हाय," काकू म्हणाल्या. "एक दाबलं. चालू झाली."

अण्णांच्या मानेची शीर ताठ झाली. डोळे समोर होते, पण कान पूर्ण मागं. लगेच दुसरा फोन. "हीर. चालू." अण्णांना राहवेना. "अगं, अँपियर किती सांगतीया ती?"

"तुमी पूल बगा," काकू म्हणाल्या.

अण्णांनी पूल बघितला. मिरज येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. दवाखान्यात काकूंच्या डाव्या हाताला सुया लावल्या तरी उजव्या हातात फोन होता, आणि बोअरची लाईट आल्यावर त्यांनी पडल्या पडल्या एक दाबलं. नर्स रागावली. काकू तिला म्हणाल्या, "आगं, ऊस हाय माजा."

अण्णांची शिकवणी तिथं संपली. पण माझी धाकधूक संपली नव्हती. शिकवणीतला शहाणपणा किती दिवस टिकतो ते मला माहीत आहे.

महिन्याभरानंतरची गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, ऊन कलायला लागलं होतं. मी एका नवीन मुलीला गाडी शिकवत होते आणि आम्ही चहाला टपरीवर थांबलो. टपरीवाला कुणाशी तरी बोलत होता, की पलीकडं पांढऱ्या गाडीला उसाची ट्रॉली लागली, म्हातारं माणूस होतं म्हणे गाडीत. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. शुक्रवार म्हणजे डायलिसिसचा दिवस. परत यायची वेळ हीच. गाडी पांढरी. मी विचार न करता अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकूंकडं फोन असताना त्या उचलत का नाहीत? तिसऱ्यांदा लावला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की जो माणूस आत्ता गाडी चालवत असेल त्यालाच मी सारखा फोन करतेय. मी, जी सगळ्यांना सांगत फिरते, की फोन केल्यावर आधी विचारा, गाडीवर आहात का, आणि असेल तर लगेच ठेवून द्या. मी फोन खाली ठेवला. शिकणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, सुरू करू गाडी?" मी म्हटलं, "थांब जरा." मला सीटवर बसवेना आणि उभंही राहवेना.

चहा गार झाला. टपरीवाल्यानं ग्लास उचलून नेला. मग फोन वाजला.

"बाई, तुमचे फोन आल्ते काय?"

"अण्णा, कुठं आहात?"

"दारात. आत्ताच गाडी लावली."

ती दुसरीच कुणाची गाडी होती, दार चेपलं होतं आणि माणसं आपल्या पायांनी उतरून घरी गेली, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त विचारलं, "काकू?"

"हाय की मागं. आत्ता उठली. आज लय दमली हुती, मिरजेपासनं झोपलीया. फोन तिच्या हातात. वाजतोय, वाजतोय. लाईट आलती वाटतं. नदीचा आला, हिरीचा आला, मग तुमचा आला."

"मग उचलला नाहीत?"

"कसा उचलू? गाडी चालवत हुतो न्हवं. तिला उठवावी म्हणलं, तर उठवाय बी नगो वाटलं."

"आणि मोटर?"

"ऱ्हायली. आज ऊस उपाशी झोपंल. उद्याच्याला लाईट येतीच की."

माझे डोळे भरून आले होते आणि ती नवीन मुलगी माझ्याकडं घाबरून बघत होती. अण्णांनी विचारलं, "काय काम हुतं, बाई?"

"काही नाही. सहज."

मागून काकूंचा झोपेतला आवाज आला, "कोन हाय? शिकवणाऱ्या ताई व्हय? त्यास्नी सांगा, ह्यो मानूस गाडीवर असताना फोन करत जाऊ नगा म्हणावं."

"ऐकलं का?" अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "ऐकलं, नाही करणार," आणि फोन ठेवून दिला.